हिरवी टिक, चाळीस खिसे आणि माझी एक ओळ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

बसमध्ये, लोकलमध्ये, नाहीतर घरी भांडी घासता घासता ऐकत असाल तर स्वागत. आणि डेटा वाचवायला ऐकायचं सोडून हे वाचत असाल, तर तुमचंही स्वागत.

आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. मी मोबाइल ॲप बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करते. आमचं ॲप भरतकामाच्या डिझाइनसाठी आहे. म्हणजे फोनवर किंवा टॅबवर डिझाइन तयार करायचं, टाके कसे पडतील ते बघायचं, फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनला लावायची. धंद्यात या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात. पूर्वी हे फक्त कॉम्प्युटरवर व्हायचं, आता पोरं फोनवर करतात.

आमच्या ॲपमध्ये क्लाउड सिंक आहे. फोनवर केलेलं टॅबवर दिसतं, टॅबवर केलेलं फोनवर. काम जागेवर पोचलं की कोपऱ्यात हिरवी टिक येते. त्या टिकचा मला फार अभिमान होता.

मग मे महिना आला.

विध्यालय

माझी काकू सोलापूरला असते. सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवणार, पण शाळेच्या गणवेशाचाही तिथे मोठा धंदा आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणजे एप्रिल-मे हा सगळा धावपळीचा हंगाम. काकूकडे एकच मशीन आहे, एका हेडचं. ती खिशावरचे बॅज भरून देते. जॉबवर्क. हिशोब ठेवायला, डिझाइन बघायला चुलतभाऊ मदत करतो. काकूच्या हातात फोन, भावाच्या हातात टॅब, दोन्हीवर आमचं ॲप. मीच टाकून दिलेलं. फुकट.

एका शाळेचा बॅज होता. मधे दिवा, भोवती गोल किनार, खाली शाळेचं नाव. नमुना बघून शाळेच्या सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, किनार पिवळी नको, सोनेरी हवी. दुसरी, नावात ‘विध्यालय’ झालंय, ‘विद्यालय’ करा. शाळेच्याच खिशावर अशुद्धलेखन! सर हसले म्हणे, पण तेव्हा फक्त नमुनाच होता.

काकूनं रात्री घरी बसून ‘ध्य’ काढला, ‘द्य’ घातला. घरात नेटवर्क धड नाही आणि त्या रात्री वायफायही बंद होतं. तिनं सेव्ह केलं, ॲप अंगठ्यानं वर सरकवून बंद केलं आणि झोपली. सकाळी भावानं दुकानात टॅब उघडला. त्याच्याकडे अजून जुनीच प्रत होती. त्यानं किनारीचा रंग पिवळ्याचा सोनेरी केला, सेव्ह केलं. त्याचं नेट चालू होतं, फाइल लगेच क्लाउडवर गेली.

दुपारी काकूच्या फोनला नेट मिळालं. आता फोनकडे एक प्रत, क्लाउडवर दुसरी. ॲपनं काय करावं? ॲपनं दोन्हींची वेळ बघितली. काकूची रात्री साडेदहाची, भावाची सकाळी नऊची. नंतरची जिंकली. काकूच्या फोनवरची प्रत पुसली, भावाची आणून ठेवली, आणि कोपऱ्यात हिरवी टिक लावली.

काकूनं टिक बघितली. तिला वाटलं, आपलं काम पोचलं.

भावानं टॅबवरून पेन ड्राइव्हवर फाइल घेतली, मशीनला लावली. तो बॅज साधारण ६,००० टाक्यांचा. मशीन मिनिटाला ७५० टाके मारत होतं, म्हणजे एका बॅजला ८ मिनिटं. ४० खिसे भरून झाले. नुसते टाके मारायलाच ५ तास २० मिनिटं गेली, रिंग लावणं-काढणं आणि दोरे कापणं वेगळंच. संध्याकाळी काकू मोजायला बसली आणि तिनं वाचलं. विध्यालय. चाळीस वेळा.

मशीनचं भरतकाम उसवायला गेलं तर कापडाला सुईची भोकं राहतात. पांढऱ्या खिशावर तर लगेच दिसतात. ते चाळीस खिसे गेले. कापड तिनं नवीन आणलं, रात्री जागून परत भरले.

मी फोनवर म्हटलं, “काकू, पैसे मी देते.” ती म्हणाली, “पैसे नको गं. ती टिक खोटं का बोलली, तेवढं बघ.”

मी बघितलं. ‘नंतरची जिंकली’ हा नियम लिहिणारी ओळ माझीच होती.

वेग वाढवून काही होणार नव्हतं

टीममध्ये पहिली सूचना आली ती अशी: सिंक फास्ट करू. आणि खरं सांगते, मलाही तेच सुचलं होतं. पण जरा आकडे बघा.

भरतकामाच्या मशीनमध्ये सर्रास चालणारी एक फाइल म्हणजे डीएसटी. जपानच्या ताजिमा कंपनीच्या मशीनपासून आलेली, आता दुसऱ्याही बऱ्याच मशीन ती वाचतात. तिच्यात सुरुवातीला ५१२ बाइटची माहिती असते आणि पुढे एका टाक्याला ३ बाइट. ६,००० टाके म्हणजे १८,००० बाइट, आणि वरचे ५१२. सगळं मिळून साडेअठरा केबीच्या आसपास! तुमच्या फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आमच्या ॲपची कामाची फाइल याहून मोठी असते, पण तीही टूजीवर जाईल एवढीच.

म्हणजे अडचण वेगाची नव्हतीच. दोन माणसांनी एकाच प्रतीवरून, एकमेकांना न सांगता, वेगवेगळं काम केलं होतं. दोन्ही कामं बरोबर होती. आणि ॲपनं त्यातलं एक न विचारता फेकून दिलं.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट ऐका. डीएसटी फाइलमध्ये रंग साठवलेला नसतो. ‘इथे थांब, दोरा बदल’ एवढंच तिच्यात असतं. कुठला दोरा लावायचा ते मशीन चालवणारा ठरवतो. म्हणजे भावानं केलेला रंगाचा बदल मशीनपर्यंत पोचणारच नव्हता, सोनेरी दोरा त्यानं हातानंच लावला असता. आणि काकूनं केलेला अक्षराचा बदल पोचायलाच हवा होता. जे जिंकलं त्याची मशीनला गरज नव्हती, जे हरलं त्याची होती. घड्याळाला हे कसं कळणार?

घड्याळ बरोबर होतं, उत्तर चुकलं

असल्या वेळी आपण म्हणतो, फोनची वेळ चुकली असेल. तसंही होतं, कुणी हातानं वेळ बदललेली असते. पण आमच्या बाबतीत दोन्ही घड्याळं बरोबर होती. तरी उत्तर चुकलं, कारण प्रश्नच चुकीचा विचारला होता.

आम्ही विचारत होतो, “कोणी नंतर सेव्ह केलं?” विचारायला हवं होतं, “ज्यानं नंतर सेव्ह केलं, त्यानं आधीचं बघितलं होतं का?”

लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९७८ साली एक निबंध लिहिला. त्याचा विषयच हा: वेगवेगळी यंत्रं एकमेकांपासून लांब असतील, तर कुठली घटना आधीची आणि कुठली नंतरची हे ठरवायचं कसं? त्याचं म्हणणं ढोबळ मानानं असं की भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका, कोणाची खबर कोणापर्यंत पोचली होती ते बघा. एकाची खबर दुसऱ्याला नसेल, तर त्या दोन घटनांना आधी-नंतर असं काही नसतंच. त्या शेजारी-शेजारी घडलेल्या असतात. काकूची रात्र आणि भावाची सकाळ, दोन्ही अशाच शेजारी-शेजारी होत्या.

गंमत म्हणजे ही गोष्ट काकूला माहीत होती. ती ब्लाउजही शिवते आणि मापांची वही ठेवते. माप बदललं की जुनं खोडून गिचमिड करत नाही. त्यावर एक आडवी रेघ मारते, खाली नवीन लिहिते. दोन वर्षांनी कुणी आलं तरी सांगते, “हे आधीचं, यावरून हे बेतलं.” आमच्या सर्व्हरला एवढी अक्कल नव्हती.

आम्ही काय बदललं

तर वहीवरूनच सुरुवात केली.

पहिलं काम. आता प्रत्येक सेव्हबरोबर ॲप सांगतं की ही प्रत कुठल्या प्रतीवरून बेतली. काकूची प्रत ‘सातव्या’वरून, भावाचीही ‘सातव्या’वरून. भावाची आधी पोचली, ती आठवी झाली. काकूची पोचली तेव्हा सर्व्हर बघतो, अरे, ही सातव्यावरून आली आणि माझ्याकडे तर आठवी आहे. म्हणजे या माणसानं आठवी बघितलेलीच नाही. थांब. काहीही पुसायचं नाही, दोन्ही ठेवायच्या.

दुसरं काम. दोन प्रती झाल्या तर दाखवायच्या कशा? काही सेवा अशा वेळी दुसरी फाइल बनवतात आणि नावाला ‘परस्परविरोधी प्रत’ अशा अर्थाचं शेपूट जोडतात. पुसण्यापेक्षा हे शंभर पट बरं. पण नुसत्या नावावरून काकूनं काय ओळखायचं? म्हणून आम्ही दोन्हींची चित्रं शेजारी ठेवली. जो भाग वेगळा आहे तेवढ्यालाच चौकट. खाली लिहिलेलं: कोणाचा फोन, कधी केलं, किती टाके. ‘ध्य’ आणि ‘द्य’ असे मोठे करून दाखवले तर सही करणारा माणूस चुकणार नाही.

तिसरं काम, दोन्ही बदल एकत्र करणं. हे डीएसटीवर जमत नाही आणि का ते समजून घ्या. डीएसटीमध्ये प्रत्येक टाका ‘आधीच्या टाक्यापासून इतका उजवीकडे, इतका वर’ असा लिहिलेला असतो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात. एका वेळी जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर. पत्ता सांगताना ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे तिसरं घर’ म्हणतो ना, तसं. देऊळच हललं तर पुढचे सगळे पत्ते हलले. त्यामुळे अर्धे टाके एकाचे, अर्धे दुसऱ्याचे असं केलं की डिझाइनचा चिवडा होतो.

पण आमच्या कामाच्या फाइलमध्ये वस्तू वेगवेगळ्या असतात: दिवा, किनार, प्रत्येक अक्षर. तिथे ॲप तीन प्रती समोर ठेवतं: मूळची सातवी, काकूची आणि भावाची. काकूनं अक्षराला हात लावला, किनारीला नाही. भावानं किनारीला लावला, अक्षराला नाही. मग दोन्ही घेऊन एक नवीन प्रत बनवता येते, आणि टाके नव्यानं काढता येतात. दोघांनी एकाच अक्षराला हात लावला असेल तर मात्र ॲपनं ठरवायचं नाही, माणसाला विचारायचं.

मी काकूला हे उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “जोड की. पण मी बघितल्याशिवाय मशीनवर जाऊ देऊ नको.” म्हणून जोडलेली प्रत आता ‘तपासायची आहे’ असा शिक्का घेऊन येते. कोणीतरी बघून होकार दिल्याशिवाय ती पेन ड्राइव्हवर जात नाही.

चौथं काम, ती टिक. आधी एकच हिरवी टिक होती आणि तिचा अर्थ एवढाच होता की ‘माझं काम संपलं’. कोणाचं काम संपलं, ॲपचं! आता चार वेगळी वाक्यं आहेत, साध्या मराठीत. ‘फक्त या फोनवर आहे.’ ‘जात आहे.’ ‘क्लाउडवर पोचली.’ ‘दोन प्रती आहेत, बघा.’ आणि ‘पोचली’ कधी म्हणायचं? फोन फाइलचा एक डिजिटल ठसा काढतो, एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीनं. ६४ अक्षरांचा असतो, आणि फाइलमध्ये एक टाका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. सर्व्हर पोचलेल्या फाइलचा ठसा काढून परत पाठवतो. दोन्ही जुळले तरच ‘पोचली’. अर्धी फाइल गेली आणि लाइट गेली, तर आता टिक येत नाही.

पाचवं काम, झोपलेला फोन. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे की फोन बराच वेळ नुसता पडून असेल, स्क्रीन बंद, चार्जर नाही, तर मागे चालणाऱ्या ॲपचं नेट रोखून धरलं जातं, अधूनमधून थोडा वेळ सोडतात. बॅटरीसाठी चांगलंच आहे ते. पण काही कंपन्यांच्या फोनवर तर ॲप सरकवून बंद केलं की त्याची मागची कामंही मरतात. आमची ‘पाठवायची यादी’ फोनच्या तात्पुरत्या मेमरीत होती, ॲपबरोबर ती जायची. आता ती स्टोरेजवर लिहून ठेवतो. फोन बंद पडून चालू झाला तरी यादी शाबूत. आणि काम अडकलं असेल तर ॲप उघडल्या उघडल्या वरच दिसतं: ‘एक डिझाइन अजून गेलेलं नाही.’

आणि शेवटचं, पेन ड्राइव्ह. खरी चूक तिथूनच मशीनला गेली ना? म्हणून फाइल बाहेर काढताना ॲप आधी विचारून घेतं, क्लाउडवर यापेक्षा वेगळी प्रत आहे का. नेट नसेल तर अडवत नाही, धंदा थांबता कामा नये. पण स्पष्ट सांगतं, ‘शेवटची तपासणी काल रात्री ९ वाजता.’ आणि फाइलच्या नावात प्रतीचा आकडा सुरुवातीलाच घालतो, कारण जुन्या मशीनच्या छोट्या पडद्यावर लांब नाव पूर्ण दिसत नाही, देवनागरी तर कित्येकींना वाचताच येत नाही. आकडा मात्र सगळ्यांना कळतो.

मग सगळं छान झालं का?

नाही. पहिल्या महिन्यात काकूचाच फोन आला. “अगं, सारखं विचारतंय. दोन प्रती, दोन प्रती. डोकं उठलं.” बघितलं तर कळलं, डिझाइन नुसतं उघडून, काही न बदलता सेव्ह केलं तरी आम्ही नवीन प्रत धरत होतो. ठसा तोच असेल तर प्रश्न विचारायचाच नाही, एवढं साधं सुचलं नव्हतं. ते दुरुस्त केलं. खोटी टिक वाईट, तसा खोटा इशाराही वाईट. चार वेळा उगाच ओरडलं की पाचव्या वेळी माणूस न वाचता ‘ठीक आहे’ दाबतो.

तुमच्यासाठी

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे भरतकाम करतो? पण नोट्स, रेझ्युमे, हिशोबाची शीट, रील्सचे ड्राफ्ट, सगळीकडे हेच चालू असतं. म्हणून एक परीक्षा सांगते. दहा मिनिटांचं काम आहे.

ज्या ॲपवर तुमचं काम अवलंबून आहे, ते दोन उपकरणांवर उघडा. एक टाकाऊ फाइल घ्या. दोन्ही एअरप्लेन मोडवर टाका. एकीकडे एक बदल करा, दुसरीकडे दुसरा. मग एकाचं नेट चालू करा, पाच मिनिटांनी दुसऱ्याचं. आता बघा. दोन्ही बदल सापडतायत का? निदान दोन प्रती तरी दिसतायत का? की एक बदल गुपचूप गेला आणि वर टिक आली? तसं झालं तर त्या ॲपमध्ये एक फाइल एकाच वेळी दोन जागी उघडू नका, बास.

दुसरं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही इथे पुसलं की सिंक इमानेइतबारे तिथेही पुसतं, ते त्याचं कामच आहे. गूगल ड्राइव्हच्या कचराकुंडीत फाइल ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. महत्त्वाचं काम महिन्यातून एकदा वेगळ्या जागी, वेगळ्या नावानं ठेवा.

तिसरं, डिझाइन करणाऱ्यांसाठी. फक्त डीएसटी ठेवू नका, कामाची फाइलही ठेवा. डीएसटीमध्ये नुसते टाके असतात, अक्षर म्हणून काही उरलेलं नसतं. ‘ध्य’चा ‘द्य’ करायचा तर कामाच्या फाइलमध्येच सोपं जातं.

आणि माझ्यासारखं ॲप बनवणारं कोणी ऐकत असेल, तर तुमच्या कोडमध्ये ‘नंतरची वेळ जिंकते’ अशी ओळ आहे का, आजच शोधा. ती लिहायला मला दोन मिनिटं लागली होती.

काकूचं काय? ती अजून आमचं ॲप वापरते. पण आता मोठी ऑर्डर असली की आधी एक बॅज चिंधीवर भरते, फोटो काढून सरांना पाठवते, ‘बरोबर’ असं उत्तर आलं की मगच पुढचे. मी म्हटलं, “आता ॲप सुधारलंय गं, गरज नाही.” ती म्हणाली, “असू दे. तुझं ॲप सुधारलंय, माझी वही पण चालू राहू दे.”

त्या चाळीसपैकी एक खिसा मी मागून आणलाय. माझ्या ऑफिसच्या टेबलासमोर टाचणीनं लावलाय. नवीन कोणी टीममध्ये आलं की विचारतं, हे ‘विध्यालय’ काय आहे? मग मी त्यांना खुर्ची देते आणि ही गोष्ट सांगते.

एअरप्लेन मोडची परीक्षा करून बघा आणि काय दिसलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर सेव्ह करत राहा, आणि टिक आली तरी एकदा उघडून बघा.